अनुभव: पळायचं टार्गेट आणि त्याची नोंद. कुठे जमलं, कुठे पचका झाला?

धापाधापी

मंडळी, मागच्या वर्षी एक जानेवारीला मी वहीच्या पहिल्या पानावर मोठ्ठ्या अक्षरात '१००० किमी' लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. गणित सोपं होतं, ५२ आठवडे, आठवड्याला साधारण १९ किमी, म्हणजे पाच-पाचचे तीन आणि एक चारचा, त्यात काय एवढं. मार्चपर्यंत जमलं पण. मग ऑफिसात एक लचांड मागे लागलं, मग खोकला, मग नुसताच कंटाळा, आणि ऑक्टोबरच्या शेवटी बेरीज केली तर ६४०. उरले ३६० आणि आठवडे नऊ, म्हणजे आठवड्याला ४०.

आठवड्याला १५ पळणाऱ्या माणसाने एकदम ४० वर उडी मारली की काय होतं ते आता मला विचारा. तिसऱ्या आठवड्यात उजव्या नडगीच्या आतल्या बाजूला असं दुखायला लागलं की पँट घालताना कापड घासलं तरी कळ यायची. शिन स्प्लिंट्स. वर्ष संपेपर्यंत पळणं बंद, वही अडकली ७५१ वर. आणि सगळ्यात चिडचिड कशाची झाली सांगू, की ७५१ किमी हे माझ्या आख्ख्या आयुष्यातलं एका वर्षातलं सगळ्यात जास्त पळणं होतं आणि तरी मी नापास झाल्यासारखं तोंड करून बसलो होतो.

यावर्षी वहीत किमी लिहितच नाही. बूट बांधून घराबाहेर पडलो की एक टिक, आठवड्याला चार टिक, बास. कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आलो तरी टिक. (असं आत्तापर्यंत तीनदा झालंय. बाकी वेळा एकदा बाहेर पडलो की अर्धा तास होतोच.) किमी फोनमध्ये आपोआप साठतात, महिन्यातून एकदा बघतो, पण वहीत उतरवत नाही, उतरवले की परत ते सुरू होईल.

तर विचारायचं हे की तुम्ही काय ठरवलं होतंत, नोंद कशात ठेवता, आणि नोंद ठेवल्यामुळे काय झालं? फायदे सांगाच, पण पचका झाला असेल तर आधी तो. 'पहाटे उठत चला, पाणी भरपूर प्या' वगैरे नको, ते पाठ आहे सगळ्यांना.

लाललेखणी

मी सुरू करते. शाळेत पीटीच्या तासाला पोटात दुखतंय सांगून बसणारी मुलगी होते मी, चाळिशीत पळायचं ठरवलं ते काउच टू फाइव्ह के (म्हणजे सोफ्यावरून उठून ५ किमी पर्यंत) या प्लॅनवरून. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, नऊ आठवडे, आठवड्यातून तीन दिवस, पहिल्या आठवड्यात फक्त ६० सेकंद पळायचं आणि ९० सेकंद चालायचं, असं वीस मिनिटं. १९९६ मध्ये जॉश क्लार्क नावाच्या माणसाने हा प्लॅन लिहिला आणि म्हणे डोळ्यासमोर त्याची आई होती, तिला पळायला लावायचं होतं. हे वाचलं तेव्हाच मला जरा धीर आला, कुणाच्या तरी आईसाठीच केलंय ना, मग मला जमायला हरकत नाही.

माझी नोंद भिंतीवरच्या कॅलेंडरवर, लाल पेनाने, चौकटीत आठवडा आणि दिवस. चौथा आठवडा मी तीनदा केला. तीनदा! त्यात पाच मिनिटं सलग पळायचं असतं दोनदा आणि मला दुसऱ्या पाचला चौथ्या मिनिटाला डोळ्यासमोर अंधारी यायची. घरच्यांनी कॅलेंडर बघून विचारलं की हे ४, ४, ४ काय चाललंय, छापायला चुकलंय का. मला रडू यायचं तेव्हा. पण आज ते कॅलेंडर जपून ठेवलंय ते त्या पानासाठीच. कारण पाचव्या आठवड्याच्या तिसऱ्या दिवशी प्लॅन एकदम म्हणतो की आता २० मिनिटं सलग पळा, मध्ये चालणं नाही, आणि मी पळाले. हळू पळाले, बाजूने एक चालणारे गृहस्थ मला ओव्हरटेक करून गेले, पण थांबले नाही. चौथा आठवडा एकदाच करून पुढे सरकले असते तर त्या दिवशी नक्की बसले असते.

नऊ आठवड्यांचा प्लॅन मला चौदा आठवडे लागला. आणि हो, शेवटी ३० मिनिटात ५ किमी वगैरे काही होत नाही नवीन माणसाचं, माझे ३.८ झाले होते. प्लॅनच्या नावावर जाऊ नका.

धडधड

माझा पचका घड्याळाचा. महागातलं घेतलं, हातात बांधलं आणि ठरवलं की आता सगळं शास्त्रशुद्ध, झोन टू मध्ये (नाडी कमी ठेवून, आरामात) पळायचं, ८० टक्के रन सोपे. कमाल हार्ट रेटचा ठोकताळा म्हणजे २२० वजा वय, माझं वय ४१, म्हणजे १७९, त्याचे ६० ते ७० टक्के म्हणजे १०७ ते १२५. आता तुम्हीच सांगा, मी नुसता पळायच्या पवित्र्यात उभा राहिलो तरी ११० होतात. १२५ च्या आत राहायचं म्हणून मी सहा आठवडे पळायच्या नावाखाली चालत होतो, चढ आला की तर थांबायचो आणि घड्याळाकडे बघत उभा राहायचो, लोकांना वाटायचं हा कुणाची तरी वाट बघतोय.

मग एक दिवस उलटंच झालं. आरामात चाललोय, शेजारच्या मित्राशी त्याच्या मुलाच्या परीक्षेबद्दल बोलतोय आणि घड्याळ दाखवतंय १७६. घाबरलो. थांबून गळ्याला बोटं लावून मोजलं, १५ सेकंदात ३४, म्हणजे १३६. मग वाचत बसलो तर कळलं की मनगटावरचं घड्याळ हिरवा उजेड टाकून कातडीखालच्या रक्ताची ये-जा बघतं, पट्टा सैल असला किंवा हात गार असला की ते पावलांच्या ठेक्यालाच नाडी समजून बसतं. माझा कॅडन्स (मिनिटाला पडणारी पावलं) साधारण १७४-१७६. म्हणजे मी पावलं बघून घाबरत होतो! छातीचा पट्टा घेतला आणि ते प्रकरण मिटलं.

दुसरी गोष्ट ती २२० वजा वयाची. तो सरासरीचा आकडा आहे, एकेका माणसाचा खरा कमाल हार्ट रेट त्याच्यापेक्षा दहा-बारा इकडे-तिकडे सहज असतो. माझा चढावर जोर लावून बघितला तेव्हा १९१ निघाला. (डॉक्टरांकडून तपासून मगच केलं, उगाच कुणी घरी करू नका, चाळिशीनंतर तर अजिबात नको.) त्या हिशोबाने माझे सोपे रन १३०-१३५ ला आरामात बसतात आणि त्या पेसला मी खरंच पूर्ण वाक्यं बोलू शकतो. म्हणजे सहा आठवडे जे घड्याळाला विचारत होतो ते तोंडाला विचारलं असतं तरी चाललं असतं.

काटेकोर

जीपीएसचं कुणी बोललं नाही अजून म्हणून. माझं भांडण स्पर्धेच्या आयोजकांशी झालं होतं, माझ्या घड्याळात हाफ मॅरेथॉन २१.४ आली आणि मी मेल लिहिली की रस्ता तीनशे मीटर जास्त मोजलाय तुम्ही. त्यांनी शांतपणे समजावलं (मेल वाचून आजही कान गरम होतात). अधिकृत मोजणी वळणांच्या आतल्या बाजूने, शक्य तितक्या जवळच्या रेषेवर करतात, आपण पळताना गर्दीतून नागमोडी जातो. वर रस्ता चुकूनसुद्धा कमी भरू नये म्हणून मुद्दाम हजारात एक वाढवून आखतात, म्हणजे ४२.१९५ च्या मॅरेथॉनला साधारण ४२ मीटर वाढीव असतातच. आणि उंच इमारती, झाडं, बोगदा असला की घड्याळ स्वतःच्या मनाने रेघा मारतं ते वेगळंच.

ट्रॅकवर पळणाऱ्यांनो, ४०० मीटर फक्त पहिल्या लेनमध्ये. आठव्या लेनमध्ये एक फेरी साडेचारशेच्या वर जाते. मी चार महिने बाहेरच्या लेनमध्ये पळून 'माझी स्पीड का वाढत नाही' म्हणून डोकं धरून बसलो होतो.

धापाधापी

@काटेकोर, हे वाचून मोठ्याने हसलो, चार महिने!

पहाटपाऊल

हे लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं. लिहितेच.

माझं टार्गेट वजन होतं. वेळ कमी करायची तर वजन कमी हवं असं कुणीतरी सहज म्हणालं आणि ते डोक्यात बसलं. रोज सकाळी उठल्या उठल्या वजनकाटा, आकडा फोनमधल्या तक्त्यात, तक्त्याची रेघ खाली चालली की दिवस चांगला, वर गेली की त्या दिवशी संध्याकाळचा रन दोन किमी जास्त. खाल्लेलं पण मोजत होते, सगळं, चमच्याने. आणि सुरुवातीला वेळ खरंच सुधारली, हेच तर वाईट झालं. १० किमी मध्ये तीन मिनिटं कमी झाली आणि सगळे म्हणायला लागले किती फिट दिसतेस.

मग पाळी चुकली. एक महिना, दोन, चार. मला खरं सांगायचं तर बरंच वाटलं, कटकट गेली म्हणून. तक्त्यात त्याच्यासाठी रकानाच नव्हता. रात्री तीनला जाग यायची, कायम गार लागायचं, केस हातात यायचे, रन संपला की माणसांवर ओरडायचे. त्यातलं काही कुठे लिहिलं जात नव्हतं कारण मी फक्त वजन, किमी आणि पेस लिहीत होते, आणि ते तिन्ही आकडे उत्तम होते. पाचव्या महिन्यात एका साध्या सोप्या रनला पायाच्या पंजात कट् झालं. मेटाटार्सलचं (पंजातलं लांब हाड) स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या ताणाने पडलेली बारीक चीर. एक पाऊल टाकता येईना.

ज्या डॉक्टरांकडे गेले त्यांनी एक्स-रे बघायच्या आधी विचारलं, पाळी नियमित आहे का. तिथेच रडायला लागले मी. त्यांनी सांगितलं की शरीराला खर्चाच्या मानाने अन्न कमी पडत राहिलं की ते एकेक खातं बंद करत जातं, पाळी, हाडांची दुरुस्ती, झोप, मूड. याला रेड-एस म्हणतात, आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये हे नाव रूढ केलं, आणि हे पुरुषांनाही होतं, फक्त त्यांच्यात पाळीसारखी धोक्याची घंटा नसते म्हणून उशिरा लक्षात येतं. रक्तात फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारं) पण तळाला गेलं होतं.

आठ आठवडे पळणं बंद, मग हळूहळू. वजनकाटा घरातून बाहेर गेला. आता माझ्या नोंदीत चारच गोष्टी असतात, पाळीची तारीख, झोप किती तास, भूक लागली का, आणि रन झाल्यावर कसं वाटलं ते एका शब्दात. कालचा शब्द होता 'ठीक'. पेस लिहीत नाही, पुढच्या वर्षी कदाचित लिहीन. १० किमी ची ती जुनी वेळ अजून परत आलेली नाही.

बायांनो (आणि बाप्यांनो), तीन महिने पाळी आली नाही किंवा सारखी हाडं दुखतायत तर कृपा करून पळून बरं व्हायची वाट बघू नका.

लाललेखणी

@पहाटपाऊल ताई, हे लिहिलंस ते फार बरं केलंस. माझ्या मुलीला वाचायला दिलं आत्ताच, ती पण पळते.

जुनाबूट

पोरांनो, माझं वय ६७. घड्याळ साधं, काटे असलेलं. माझ्याकडे वह्या आहेत, १९९४ पासूनच्या, एकोणीस. सुरुवातीच्या वह्यांत नुसतं अंतर आणि वेळ आहे आणि खरं सांगतो, आज त्या उघडल्या तर मला काहीही आठवत नाही. '८ किमी, ४६ मिनिटे'. बरं मग? पण एका ठिकाणी लिहिलंय '८ किमी, कुत्रं मागे लागलं, शेवटचा एक फार जोरात', तो दिवस मला अख्खा दिसतो.

नंतर एका ओळखीच्या प्रशिक्षकांनी बोर्ग स्केल सांगितली. गुन्नार बोर्ग या स्वीडिश माणसाने केलेली मोजपट्टी, ६ पासून २० पर्यंत. सहा म्हणजे स्वस्थ बसलोय, वीस म्हणजे आता याहून एक पाऊल शक्य नाही. सहापासून का, तर त्याला दहाने गुणलं की तरुण माणसाच्या नाडीचा अंदाज येतो, ६० ते २००. माझ्या वयाला तो गुणाकार जुळत नाही पण कष्टाचा आकडा अगदी जुळतो. तेव्हापासून मी प्रत्येक रनपुढे एक आकडा टाकतो. तोच रस्ता, तेच अंतर, गेल्या वर्षी १३ होता आणि आता ११ असेल तर माझी तब्येत सुधारली, मग वेळ तीच का असेना.

आणि दुसरी सवय, सकाळी डोळे उघडल्यावर अंथरुणातच नाडी मोजायची, पूर्ण एक मिनिट, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत. माझी साधारण ५६ असते. दोन दिवस ओळीने ६४-६५ आली की मी पळायला जात नाही, झोपतो. दर वेळेस नाही, पण बरेचदा तिसऱ्या दिवशी सर्दी-ताप निघतो. एकदा दुर्लक्ष केलं, ६८ आली होती तरी १६ किमी ला गेलो, त्यानंतर तीन आठवडे अंथरूण. वहीत त्या पानावर मी स्वतःला एक शिवी लिहून ठेवलीय, ती इथे देत नाही.

धडधड

काका, एकोणीस वह्या!! मी घड्याळ बदललं तेव्हा दोन वर्षांचा सगळा डेटा गेला माझा. तुमच्या वहीला चार्जिंग पण लागत नाही.

जुनाबूट

लागत नाही, पण २००५ ची वही वाळवीने खाल्ली. डेटा आमचाही जातो.

साखळीतुटली

माझी गोष्ट छोटी आणि लाजिरवाणी. ॲपमध्ये रोज पळायची साखळी, स्ट्रीक. एक दिवस चुकला की शून्य. २१२ दिवस झाले होते. लग्नात, प्रवासात, पोट बिघडलेलं असताना, सगळीकडे निदान दीड किमी. एकदा रात्री ११:४० ला आठवलं, बाहेर धो धो पाऊस, तर मी घरातल्या घरात बेडरूम ते स्वयंपाकघर असा हातात फोन घेऊन पळत होतो, तेरा पावलं जायला, तेरा यायला, जीपीएस ला ते काही पळणं वाटेना म्हणून हात जोरजोरात हलवत होतो. बायको दारात येऊन उभी राहिली, काही बोलली नाही, दिवा बंद करून गेली.

२१३ व्या दिवशी फोनची बॅटरी संपली आणि साखळी तुटली. मी ढसाढसा वगैरे रडेन असं वाटलं होतं पण दुसऱ्या दिवशी सकाळी नऊपर्यंत झोपलो, सात महिन्यांत पहिल्यांदा, आणि टाचेचं दुखणं जे मी 'चालायचंच' म्हणून सोडून दिलं होतं ते दहा दिवस विश्रांती घेतल्यावर कमी झालं.

जाता जाता, ते रोज १०,००० पावलांचं माहितीये ना? तो आकडा कुठल्या डॉक्टरने काढलेला नाही. १९६५ च्या सुमाराला जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नाव मानपोकेई, म्हणजे दहा हजार पावलं मोजणारं. विकायच्या नावातून आलेला आकडा आणि मी त्याच्यासाठी दात घासताना जागच्या जागी उड्या मारत होतो.

अर्धवट

पहिली मॅरेथॉन, टार्गेट एकच, चार तासांच्या आत. म्हणजे ५:४१ चा पेस (एका किमी ला ५ मिनिटं ४१ सेकंद) धरायचा. मनगटावर पेनाने लिहून घेतलं होतं प्रत्येक पाच किमी ला किती वाजले पाहिजेत. सुरुवातीला पाय इतके हलके की ५:२५ ने चाललोय, म्हटलं वेळ बँकेत टाकतोय, शेवटी काढू. हाफ १ तास ५४ मिनिटांत. ३१ किमी ला बँक बुडाली. मांड्या दगड झाल्या, मनगटावरचे आकडे घामाने पुसून निळा डाग राहिला होता आणि डोक्यात एकच, की चार तास आता होणार नाहीत. आणि ते होणार नाहीत म्हटल्यावर माझ्याकडे दुसरं काही टार्गेटच नव्हतं! म्हणून चालायला लागलो. ४ तास २७ मिनिटं. त्यातली दहा मिनिटं तरी नुसती रुसण्यात गेली, पाय तेवढे वाईट नव्हते.

दुसऱ्या वेळी तीन टार्गेटं ठेवली. सगळं जमून आलं तर ४ तास, साधारण दिवस असेल तर ४:१५, आणि काहीही झालं तरी शेवटचे दोन किमी चालायचं नाही. सुरुवात ५:५० ने केली, लोक बाजूने जात होते, जीव तळमळत होता. शेवटी ४:११ झाले. ३४ नंतर पुन्हा पाय गेले पण या वेळेस शेवटच्या दोन किमी चं टार्गेट शिल्लक होतं ना, त्याच्यासाठी धरून ठेवलं. चार तास अजून बाकी आहेत.

नोंद म्हणाल तर मी बुटांची ठेवतो फक्त. प्रत्येक जोडाचे किमी. ५०० ते ८०० च्या मध्ये कधीतरी तळ मरतो, माझा जोड ६०० ला गुडघ्यात निरोप देतो.

लेससुटली

नमस्कार, मी सगळं वाचून काढलं आणि आज सकाळी पहिल्यांदा गेले. ११ मिनिटं, त्यातली सहा चालतच. लेस दोनदा सुटली, दुसऱ्यांदा बांधायला वाकले तेव्हा परत उठायची इच्छा नव्हती. वही आणलीय. त्यात लेसचं पण लिहायचं का?

जुनाबूट

लिहा. कुत्र्याचं पण लिहा, भेटलं तर.

धापाधापी

@लेससुटली, आधी एक टिक करा. आणि लेसला दुहेरी गाठ.